कम्युनिटी कॉलेजमधील यशाचा गौरव: अमेरिकेतील मराठी कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना आला की अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांच्या मैदानांवर खुर्च्यांच्या रांगा लागतात आणि त्याच सुमारास मराठी घरांतून तेच ते प्रश्न पुन्हा येऊ लागतात. त्यांतील नेहमीचे प्रश्न येथे एकत्र केले असून प्राथमिक शंका आधी आणि अडचणीचे अपवाद नंतर, असा क्रम ठेवला आहे. कम्युनिटी कॉलेजांचे नियम राज्यागणिक आणि पुष्कळदा कॉलेजागणिक बदलतात. त्यामुळे येथे ‘साधारणतः’ असे म्हटले असेल तेथे आपल्या कॉलेजच्या कॅटलॉगमधील (अभ्यासक्रम आणि नियमांच्या पुस्तिकेतील) नियमच अंतिम समजावा.

१. कम्युनिटी कॉलेज म्हणजे आपल्याकडचे ज्युनिअर कॉलेजच का?

नाही, नावामुळे हा गोंधळ होतो. महाराष्ट्रातील ज्युनिअर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी, तर अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज बारावीनंतर सुरू होते. अमेरिकेतही या संस्थांना पूर्वी ज्युनिअर कॉलेजच म्हणत असत. इलिनॉय राज्यात १९०१ साली सुरू झालेल्या आणि आजही चालू असलेल्या जोलिएट ज्युनिअर कॉलेजने ते नाव अद्याप सोडलेले नाही. ‘कम्युनिटी कॉलेज’ हा शब्द रूढ झाला तो १९४७ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांच्या उच्चशिक्षण आयोगाच्या अहवालानंतर. येथे साधारणतः साठ क्रेडिटांची (क्रेडिट म्हणजे अभ्यासक्रमाचा भार मोजण्याचे एकक), म्हणजे पूर्णवेळ शिकल्यास दोन वर्षांची असोसिएट डिग्री मिळते. त्याशिवाय काही महिन्यांचे व्यावसायिक सर्टिफिकेट अभ्यासक्रम, इंग्रजी शिकवणारे वर्ग आणि प्रौढांसाठी शालान्त समकक्ष परीक्षेची तयारी हेही याच आवारात चालते. एकाच वर्गात अठरा वर्षांचा मुलगा आणि पन्नाशीची गृहिणी शेजारी बसलेली दिसते. त्यामुळे येथे यशाचे प्रकार अनेक आहेत आणि गौरवाचेही.

२. मुलगा कम्युनिटी कॉलेजात शिकतो हे भारतातील नातेवाइकांना सांगतानाच संकोच वाटतो. मग त्याच्या यशाचे कौतुक कोणत्या तोंडाने करायचे?

या संकोचाचे मूळ आपल्या प्रवेशपद्धतीत आहे. जेथे कट-ऑफ उंच ते कॉलेज चांगले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यामुळे जेथे कट-ऑफच नाही तेथे काही मोलाचे घडत असेल हे मनाला पटत नाही. कम्युनिटी कॉलेजाचे दार सर्वांना उघडे असते ते मुद्दाम, आणि आत आल्यावर पदवीपर्यंत पोचणे हीच तेथली परीक्षा असते.

कॅलिफोर्नियाचे उदाहरण घ्यावे. तेथे ११६ कम्युनिटी कॉलेजे आहेत आणि राज्यातील रहिवाशांना एका युनिटमागे, म्हणजे क्रेडिटमागे, ४६ डॉलर शुल्क पडते. ठरावीक विषय आणि गुण पूर्ण करणाऱ्यांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहा शाखांपैकी एकीत प्रवेशाची लेखी हमी मिळू शकते. बर्कली आणि लॉस एंजेलिस या शाखा अशी हमी देत नाहीत, पण कम्युनिटी कॉलेजातून विद्यार्थी त्याही घेतात. न्यू जर्सीत तर हायस्कूलमधील (अमेरिकेत ते बारावीपर्यंत असते) पहिल्या पंधरा टक्क्यांत येणाऱ्या मुलांना, इतर अटी पूर्ण झाल्यास, ‘एनजे स्टार्स’ योजनेखाली आपल्या काउंटी कॉलेजात शिक्षणशुल्क माफ होते. म्हणजे तेथे कम्युनिटी कॉलेजात असणे हेच कधीकधी गुणवत्तेचे लक्षण असते. स्पेस शटल या अंतराळयानाचे नेतृत्व करणाऱ्या पहिल्या महिला आयलीन कॉलिन्स यांनी १९७६ मध्ये न्यू यॉर्क राज्यातील कॉर्निंग कम्युनिटी कॉलेजातून असोसिएट डिग्री घेतली होती. मानवी जनुकसंचाचा आराखडा उलगडणाऱ्यांपैकी एक असलेले क्रेग व्हेंटर यांचे शिक्षण कॉलेज ऑफ सॅन मॅटिओपासून सुरू झाले.

‘आधी मोठ्या विद्यापीठात जाऊ दे, मग एकदमच पेढे वाटू’ असे अनेक घरांत ठरते. मला ते पटत नाही. नोकरी, बस आणि रात्रीचे वर्ग सांभाळून साठ क्रेडिट पुरे करणे हाच त्या प्रवासातला खडा चढ असतो, आणि तो चढून आल्याच्या दिवशी घरचे गप्प बसले तर मुलाच्या ते लक्षात राहते.

३. डीन्स लिस्ट, प्रेसिडेंट्स लिस्ट आणि ‘ऑनर्स’ यांत फरक काय?

पहिल्या दोन याद्या एका सेमिस्टरच्या कामगिरीवर लागतात, तर ऑनर्स हे पदवी पूर्ण होताना सर्व सेमिस्टरांच्या एकत्रित गुणसरासरीवरून, म्हणजे चारपैकी मोजल्या जाणाऱ्या जीपीएवरून ठरते. साधारणतः एका सेमिस्टरमध्ये बारा क्रेडिट घेऊन ३.५ किंवा त्याहून अधिक जीपीए मिळवणाऱ्याचे नाव डीन्स लिस्टवर येते. प्रेसिडेंट्स लिस्ट ही बहुतेक ठिकाणी ४.० वाल्यांची असते. अर्धवेळ शिकणाऱ्यांसाठी काही कॉलेजे वेगळी यादी ठेवतात. ती आहे की नाही हे विचारून घ्यावे, कारण नोकरी करून दोन-दोन विषय घेणाऱ्यांना आपण कोणत्याच यादीत बसत नाही असे उगाचच वाटत राहते. ऑनर्ससाठी काही कॉलेजे लॅटिन संज्ञा वापरतात (कुम लाउडे, माग्ना कुम लाउडे, सुम्मा कुम लाउडे, चढत्या क्रमाने), तर काही साध्या इंग्रजीत ‘ऑनर्स’ आणि ‘हाय ऑनर्स’ म्हणतात. समारंभाच्या पत्रिकेत एक श्रेणी आणि ट्रान्सक्रिप्टवर (अधिकृत गुणपत्रिकेवर) दुसरी, असे झाल्यास प्रश्न १८ पाहावा.

४. फाय थीटा कॅपा नावाच्या संस्थेचे निमंत्रण आले आहे आणि ते पैसे मागत आहेत. ही फसवणूक तर नाही ना?

फाय थीटा कॅपा ही खरी आणि प्रतिष्ठित संस्था आहे. दोन वर्षांच्या कॉलेजांतील गुणवंत विद्यार्थ्यांसाठी ती १९१८ मध्ये मिसूरी राज्यात स्थापन झाली आणि १९२९ मध्ये अशा कॉलेजांच्या राष्ट्रीय संघटनेने तिला अधिकृत मान्यता दिली. साधारणतः असोसिएट डिग्रीचे बारा क्रेडिट पूर्ण करून ३.५ जीपीए असलेल्यांना निमंत्रण येते. कॉलेजातील शाखा त्याहून कडक निकष लावू शकते. सदस्यत्वशुल्क एकदाच भरावे लागते. ते जड जात असेल तर शाखेच्या सल्लागार प्राध्यापकांना नि:संकोच विचारावे, कारण काही कॉलेजे ते स्वतः भरतात. अनेक विद्यापीठे दुसऱ्या कॉलेजातून येणाऱ्या सदस्यांसाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या राखून ठेवतात, हा सदस्यत्वाचा व्यावहारिक लाभ आहे.

तुमची शंका मात्र अगदीच निराधार नाही. मोठे नाव, सोनेरी शिक्का आणि शुल्क एवढेच असलेल्या संस्थांचीही पत्रे येतात. ओळखण्याची सोपी खूण अशी: संस्थेची शाखा आपल्या कॉलेजात आहे का, तिचे सल्लागार तेथील प्राध्यापक आहेत का, आणि निमंत्रण कॉलेजच्या ईमेलवर आले आहे का. तिन्हींचे उत्तर ‘नाही’ आले तर पैसे भरू नयेत.

५. केवळ एकूण गुणांवरच मान मिळतो का? माझे गणित उत्तम आहे, बाकी बेताचे.

विषयवार मानसंस्था, म्हणजे गुणवंतांच्या ‘ऑनर सोसायटी’, पुष्कळ आहेत. गणितासाठी म्यू अल्फा थीटा, इंग्रजीसाठी सिग्मा कॅपा डेल्टा, मानसशास्त्रासाठी साय बीटा, परिचर्येसाठी अल्फा डेल्टा न्यू, आणि वेल्डिंगपासून दंतसहायकापर्यंतच्या कौशल्यशिक्षणासाठी नॅशनल टेक्निकल ऑनर सोसायटी. गणिताची आवड असणाऱ्यांनी दोन वर्षांच्या कॉलेजांच्या गणित-अध्यापक संघटनेची ‘स्टुडंट मॅथ लीग’ ही स्पर्धा चुकवू नये. खेरीज बहुतेक विभाग वर्षअखेरीस आपापला उत्कृष्ट विद्यार्थी निवडतात. तो पुरस्कार प्राध्यापकांच्या शिफारशीवर मिळतो आणि विद्यापीठाच्या अर्जात पुष्कळदा यादीतील नावापेक्षा अधिक बोलका ठरतो.

६. समारंभात व्यासपीठावरून चालून आले म्हणजे पदवी मिळाली का?

नाही. समारंभ आणि पदवी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पदवीसाठी विद्यार्थ्याने स्वतः ‘ग्रॅज्युएशन’चा अर्ज करावा लागतो, क्रेडिट पूर्ण झाले की पदवी आपोआप मिळते, असे बहुतेक कॉलेजांत होत नाही. या अर्जाची मुदत पुष्कळदा समारंभाच्या कित्येक आठवडे आधी संपते आणि सर्वाधिक हळहळ याच एका तारखेपायी होते. अर्ज झाल्यावर रजिस्ट्रारचे कार्यालय प्रत्येक विषय तपासते. व्यासपीठावर हातात ठेवलेली जाडजूड फाइल बहुधा रिकामी असते. अंतिम गुण लागल्यानंतर खरे प्रमाणपत्र काही आठवड्यांनी टपालाने येते. उन्हाळ्यात एखादा विषय उरलेला असला तरी अनेक कॉलेजे मे महिन्यातच व्यासपीठावरून चालू देतात. त्यात गैर काही नाही, मात्र त्या दिवशीच्या घोषणेवर विसंबून नोकरीच्या अर्जात ‘पदवी प्राप्त’ असे लिहू नये.

७. गाऊनवर पैठणीच्या काठाचा पट्टा घातला तर चालेल का?

बहुतेक ठिकाणी चालतो, पण आधी लेखी विचारावे. गाऊन, चौकोनी टोपी आणि गोंडा हे सर्वांना समान असतात. गळ्यातील रंगीत दोऱ्या मानसंस्थांच्या वा विभागांच्या असतात, आणि खांद्यावरचा रुंद पट्टा, ज्याला स्टोल म्हणतात, तो संस्थेचा, कुटुंबाचा किंवा संस्कृतीचा असू शकतो. मानसंस्थेच्या दोऱ्या मात्र सदस्यांनीच घालायच्या असतात. रंग आवडला म्हणून बाजारातून आणून घालू नयेत. टोपीवर देवनागरीत नाव वा ओळ रंगवण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. गोंडा सुरुवातीला उजवीकडे ठेवून घोषणेनंतर डावीकडे घेतात.

८. माझे नाव नीट उच्चारले जावे यासाठी काय करावे? आणि पदवीवर वडिलांचे नाव येणार की नवऱ्याचे?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्ही मराठी नावांना जरा जास्तच छळतात.

उच्चाराचे आधी. नावे वाचणारी व्यक्ती रोमन अक्षरे पाहून वाचते आणि आपली रोमन लेखनपद्धती इंग्रजी वाचकासाठी घडलेलीच नाही. ज्ञानेश्वरीचे ‘डनायानेश्वरी’ होते, चव्हाणांचे ‘शवान’, आणि अथर्वमधला ‘थ’ इंग्रजी ‘थिंक’मधला होऊन जातो. बहुतेक कॉलेजे नोंदणीच्या वेळी उच्चार लिहून घेतात किंवा स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करू देतात. सोय ध्वनिमुद्रणाची असेल तर तीच घ्यावी. चिठ्ठी लिहायची असल्यास शब्दाचे तुकडे पाडून, अमेरिकन माणसाच्या ओळखीच्या आवाजांत लिहावे आणि आघात कोठे येतो ते अधोरेखित करावे. ‘ळ’साठी फार झगडू नये, ‘ल’वर तडजोड केलेली बरी.

आता पदवीवरील नाव. आपल्या पासपोर्टात ‘दिलेले नाव’ या रकान्यात पुष्कळदा स्वतःचे आणि वडिलांचे अशी दोन्ही नावे एकत्र असतात आणि कॉलेजच्या प्रणालीत तीच दोन्ही पहिले नाव म्हणून जातात. परिणामी घोषणेत आधी वडिलांच्या नावासकट हाक मारली जाते. काही पासपोर्टांत आडनावाचा रकानाच रिकामा असतो; अशा वेळी अमेरिकन व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिले नाव अज्ञात) ही अक्षरे येतात आणि कॉलेजची नोंद त्यावरून झाली असेल तर व्यासपीठावरून चक्क तीच अक्षरे वाचली जाण्याची शक्यता असते. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांची बारावीची गुणपत्रिका एका नावाची आणि व्हिसा दुसऱ्या नावाचा असतो. अनेक कॉलेजे प्रमाणपत्रावर पसंतीचे नाव छापू देतात, तरीही पुढे भारतात किंवा सरकारी कामासाठी ते कागद वापरायचे असतील तर प्रमाणपत्रावर पासपोर्टप्रमाणेच नाव घ्यावे आणि घोषणेसाठी पसंतीचे नाव द्यावे, असे मी सुचवेन. नाव बदलायचे असल्यास प्रश्न ६ मधील अर्ज करण्याआधीच रजिस्ट्रारकडे कागद द्यावेत. प्रमाणपत्र छापून झाल्यावर दुसरे मागवायला वेळ आणि पैसे दोन्ही लागतात.

९. समारंभासाठी आईवडिलांना भारतातून बोलवायचे आहे. कॉलेजचे निमंत्रणपत्र असले म्हणजे व्हिसा मिळतो का?

पदवीदानासाठी येणे हे बी-२ या पर्यटक व्हिसात बसणारे कारण आहे. तथापि निमंत्रणपत्र ही त्या व्हिसाची अट नाही आणि पत्र असले म्हणून व्हिसा मिळतो असेही नाही. अर्जदार स्वतः कोण आहे, परत का जाईल आणि खर्च कसा करणार यावर अधिकारी निर्णय घेतो. वडिलांना मुंबईतील वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत मुलाखतीला जाताना समारंभाची तारीख आणि कॉलेजचे नाव तोंडपाठ असावे, एवढे पुरे. मुलाखतीसाठी प्रतीक्षा फार लांबते, म्हणून पदवीचे शेवटचे वर्ष सुरू होताच अर्जाला लागावे. समारंभाच्या प्रवेशिका मोजक्याच असतात. तेव्हा व्हिसा हाती आल्यावर सासर-माहेर मिळून किती जण येणार हा हिशेबही वेळेत करावा.

१०. येता येणार नसेल तर भारतातून थेट प्रक्षेपण किती वाजता दिसेल?

मे महिन्यात अमेरिकेची घड्याळे उन्हाळी वेळेवर असतात. न्यू जर्सी, व्हर्जिनिया या पूर्व किनाऱ्यावरील राज्यांच्या वेळेत साडेनऊ तास मिळवावेत: सकाळी १० चा समारंभ भारतात संध्याकाळी ७.३० ला, तर संध्याकाळी ७ चा दुसऱ्या दिवशी पहाटे ४.३० ला दिसतो. टेक्सासकरिता साडेदहा आणि कॅलिफोर्नियाकरिता साडेबारा तास मिळवावेत. आजी-आजोबांना पूर्ण तीन तास बसवून ठेवू नये. नावे विभागवार घेतली जातात, म्हणून आपला विभाग साधारण कधी येईल हे पत्रिकेवरून आधीच कळवावे.

११. समारंभाच्या ठिकाणी ओवाळता येईल का? शाल-श्रीफळ नेले तर?

निरांजन नेऊ नये; सभागृहात आणि मैदानावर ज्योत पेटवण्यास परवानगी नसते. अनेक ठिकाणी पारदर्शक पिशवीच आत नेता येते आणि तपासणी होते, आणि पिशवीतील नारळ म्हणजे काय हे सुरक्षारक्षकाला समजावून सांगणे हा अनुभव मनोरंजक असला तरी रांग अडवणारा असतो. फुले, हार आणि पेढ्यांचा लहान डबा समारंभानंतर बाहेर द्यावा; पश्चिम किनाऱ्यावर पदवीधरांना फुलांच्या माळा घालण्याची रीत आहेच, त्यात आपला हार सहज मिसळून जातो. औक्षण घरी.

१२. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचा ‘पिनिंग’ समारंभ वेगळा का असतो?

परिचर्येच्या असोसिएट डिग्रीनंतर मुख्य पदवीदानाखेरीज हा छोटा, विभागापुरता कार्यक्रम होतो. त्यात प्रत्येक विद्यार्थ्याच्या गणवेशावर कॉलेजची पिन लावली जाते, अनेक ठिकाणी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या स्मरणार्थ दिवे लावले जातात आणि सामूहिक शपथ घेतली जाते. पिन कोणाच्या हातून लावून घ्यायची हे बऱ्याच कॉलेजांत विद्यार्थी ठरवतो. दोन वर्षे ज्याने मुलांचे डबे भरले त्या नवऱ्याला किंवा मदतीला येऊन राहिलेल्या सासूला हा मान दिलेला पाहिला, की डोळ्यांत पाणी येते. मोठ्या समारंभाच्या मानाने हा अधिक हृद्य असतो. दोहोंपैकी एकालाच जाता येणार असेल तर याला जावे. मात्र पिन म्हणजे परवाना नव्हे. एनसीएलईएक्स-आरएन ही परवान्याची परीक्षा उत्तीर्ण होऊन राज्याचा परवाना मिळेपर्यंत नावापुढे ‘आरएन’ (नोंदणीकृत परिचारिका) लावता येत नाही, म्हणून अभिनंदनाच्या फलकावरही ते लिहू नये.

१३. सर्टिफिकेट, जीईडी किंवा नुसता इंग्रजीचा वर्ग पूर्ण केला तर त्याचा समारंभ असतो का?

सर्टिफिकेट मिळवणाऱ्यांना अनेक कॉलेजे मुख्य समारंभातच सामील करून घेतात. जीईडी ही शालान्त समकक्ष परीक्षा १९४२ मध्ये सैनिकांसाठी सुरू झाली. ती उत्तीर्ण होणाऱ्यांसाठी बहुधा गाऊन-टोपीसह वेगळा कार्यक्रम असतो. इंग्रजी वर्गांचा समारंभ म्हणजे बहुतेकदा वर्गातच, प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणून केलेला. मुलाकडे राहायला आलेल्या आणि नातवाच्या शिक्षिकेशी बोलता यावे म्हणून साठीनंतर इंग्रजी शिकणाऱ्या आजींच्या हातात जेव्हा त्यांच्या नावाचा कागद येतो तेव्हा तो चौकटीत बसवावा, असे मला मनापासून वाटते. अनेकींच्या आयुष्यात स्वतःच्या नावाचा शिक्षणाचा शेवटचा कागद दहावीचा असतो.

१४. मी एच-४ व्हिसावर आहे. मला शिकता येते का, आणि पुरस्काराची रोख रक्कम घेतली तर नियमभंग होतो का?

एच-४ वर, म्हणजे एच-१बी सारख्या कामाच्या व्हिसावरील व्यक्तीच्या जोडीदाराला वा मुलांना मिळणाऱ्या व्हिसावर, पूर्णवेळ किंवा अर्धवेळ शिकता येते. त्यासाठी एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागत नाही. गुणवत्तेवर मिळालेली शिष्यवृत्ती किंवा निबंधाचे बक्षीस म्हणजे नोकरी नव्हे. परंतु त्या सन्मानासोबत काम येत असेल, जसे शिकवणी घेणे किंवा ‘स्टुडंट ॲम्बॅसेडर’ म्हणून ठरावीक तास बसणे, आणि त्याचा मोबदला मिळत असेल, तर ते काम ठरते व त्यासाठी कामाचा परवाना लागतो. शंका असेल तर पद स्वीकारण्याआधी वकिलाला विचारावे.

कराचा मुद्दा वेगळा आहे. पदवीसाठी शिकताना शिक्षणशुल्क, आवश्यक फी आणि अभ्यासक्रमाची पुस्तके यांवर खर्च झालेली शिष्यवृत्ती सामान्यतः करमुक्त असते. राहणे-जेवण यांवर खर्च झालेला भाग आणि रोख बक्षीस करपात्र असते. अनिवासी करदात्यांना, ज्यांत बरेचसे एफ-१ विद्यार्थी येतात, कर कापून घेण्याचे वेगळे नियम लागू होतात.

१५. मुलीने हायस्कूलमध्ये असतानाच असोसिएट डिग्री पूर्ण केली. मग कोणत्या समारंभाला जायचे?

दोन्हींना. हायस्कूल आणि कॉलेज एकाच वेळी करण्याच्या या पद्धतीला ड्युअल एन्रोलमेंट म्हणतात. वॉशिंग्टन राज्यात तिलाच रनिंग स्टार्ट हे नाव आहे. कॉलेजचा समारंभ कधीकधी हायस्कूलच्या आधी येतो आणि मुलगी बारावी होण्यापूर्वीच डिग्री घेते, हे ऐकायला विचित्र पण नियमात बसणारे आहे. अर्ज मात्र दोन्हीकडे स्वतंत्र करावा लागतो. हायस्कूलचा काउन्सेलर कॉलेजचा अर्ज भरत नाही. येथे मिळालेले गुण कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर कायम राहतात, हेही कौतुकाच्या भरात विसरू नये.

१६. फी आम्ही भरतो, तरी कॉलेज आम्हाला मुलाचे गुण किंवा पुरस्कार सांगत नाही. असे का?

‘फर्पा’ या शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेच्या १९७४ च्या संघीय कायद्यामुळे. विद्यार्थी कॉलेजात दाखल झाला की शैक्षणिक नोंदींवरील हक्क आईवडिलांकडून त्याच्याकडे जातो, मग त्याचे वय सोळा का असेना. करविवरणपत्रात मूल अवलंबित असेल तर कॉलेज पालकांना माहिती देऊ शकते, पण तसे करण्याचे बंधन त्याच्यावर नाही. मिळालेले सन्मान आणि पुरस्कार यांना बहुधा ‘निर्देशिका माहिती’ मानले जाते आणि कॉलेज ती प्रसिद्ध करू शकते. विद्यार्थ्याने लेखी नकार दिला असेल तर तेही होत नाही. डीन्स लिस्टच्या प्रसिद्ध यादीत नाव न दिसण्याचे कारण कमी गुण हे नसून तो नकार असू शकतो, म्हणून घरी जाब विचारण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे. हा कायदा कॉलेजला लागू आहे, आईवडिलांना नाही. तरीही मुलाचे प्रमाणपत्र किंवा ट्रान्सक्रिप्ट विद्यार्थी क्रमांकासकट समाजमाध्यमांवर टाकू नये.

१७. आमच्या मंडळात गणेशोत्सवात गुणवंतांचा सत्कार होतो. त्यात कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना कसे सामावून घ्यावे?

सुरुवात सूचनेच्या शब्दांपासून करावी. ‘यंदा विद्यापीठात प्रवेश मिळालेल्या मुलामुलींची नावे कळवावीत’ असे लिहिले की निम्मे लोक आपसूक गळतात. त्याऐवजी ‘यंदा कोणतेही शिक्षण पूर्ण केलेल्या, कोणत्याही वयाच्या सभासदांनी’ असे लिहावे. मी पाहिलेल्या एका सत्कारात बारावी झालेल्या मुलांची रांग व्यासपीठावर उभी होती आणि त्याच वर्षी नर्सिंगची पदवी घेतलेली दोन मुलांची आई खाली प्रसादाच्या पंगतीत वाढत होती. तिला वगळावे असे कोणाच्या मनात नव्हते, पण गुणवंत म्हटले की मुलेच, अशी सवय होती.

नावे कॉलेजकडून मागू नयेत. प्रश्न १६ मधील कारणाने ती मिळणार नाहीत. सभासदाने स्वतः कळवलेली आणि त्याच्या संमतीचीच नावे घ्यावीत. जीपीए जाहीर वाचू नये, कारण तेवढ्या एका आकड्याने सभागृहातल्या सगळ्या आया मनातल्या मनात तुलना करू लागतात. अभ्यासक्रमाचे नाव पूर्ण आणि खरे सांगावे: ‘असोसिएट डिग्री, संगणकशास्त्र’. असोसिएट डिग्री मिळवलेल्याला मराठीत ‘पदवीधर’ म्हटले की भारतातील माणूस बी.ए., बी.एस्सी. समजतो आणि पुढे खुलासे करत बसावे लागते. येथेही एक अपवाद आहे: फ्लोरिडा, वॉशिंग्टन, कॅलिफोर्निया अशा काही राज्यांत निवडक कम्युनिटी कॉलेजे ठरावीक विषयांत चार वर्षांची बॅचलर पदवीही देतात. तेव्हा नुसते कॉलेजचे नाव ऐकून पदवीची पातळी गृहीत धरू नये.

१८. पत्रिकेत ‘हाय ऑनर्स’ छापले होते, ट्रान्सक्रिप्टवर नुसते ‘ऑनर्स’ आहे. तक्रार करावी का?

पत्रिका छापायला जाते तेव्हा शेवटच्या सेमिस्टरचे गुण लागलेले नसतात, म्हणून तीतील श्रेणी तात्पुरती असते. अधिकृत ती ट्रान्सक्रिप्टवरची. याच्या उलटही होते आणि पत्रिकेत काहीच नसलेल्याला नंतर ऑनर्स मिळते. तक्रारीआधी दोन गोष्टी तपासाव्यात: दुसऱ्या कॉलेजातून आणलेले क्रेडिट तुमचे कॉलेज जीपीएत धरते का, आणि पुन्हा दिलेल्या विषयाचे जुने गुण वगळले गेले आहेत का. खरी चूक बहुधा या दोहोंपैकी एकीतच सापडते आणि रजिस्ट्रारकडे अर्ज केल्यास दुरुस्त होते.

१९. आम्ही दोघेही भारतात शिकलो. तरी आमचा मुलगा ‘पहिल्या पिढीचा विद्यार्थी’ ठरतो का?

संघीय साहाय्य योजनांच्या व्याख्येनुसार ज्याच्या आईवडिलांपैकी कोणाकडेच बॅचलर पदवी नाही तो पहिल्या पिढीचा विद्यार्थी. भारतातील बी.कॉम. हीसुद्धा बॅचलर पदवीच, म्हणून प्रामाणिक उत्तर बहुधा ‘नाही’ असे आहे. काही कॉलेजे आपल्या कार्यक्रमांपुरती व्याख्या सैल ठेवतात आणि अमेरिकेबाहेर शिकलेल्या पालकांच्या मुलांनाही घेतात. तेथे त्यांच्या व्याख्येप्रमाणे उत्तर द्यावे. १९६५ च्या उच्चशिक्षण कायद्यावर ८ नोव्हेंबरला स्वाक्षरी झाली म्हणून २०१७ पासून दरवर्षी त्या दिवशी अशा विद्यार्थ्यांचा गौरव होतो. ज्यांचे आईवडील बारावीपर्यंतच शिकले त्या मराठी मुलांनी तेथे मागे राहू नये.

२०. असोसिएट डिग्री न घेताच मुलगा विद्यापीठात गेला. आता ती मिळवून गौरव करता येईल का?

बऱ्याच राज्यांत येतो. या वाटेला रिव्हर्स ट्रान्सफर म्हणतात: विद्यापीठात मिळवलेले क्रेडिट मागे कम्युनिटी कॉलेजकडे पाठवून तेथील उरलेल्या अटी पूर्ण झाल्याचे दाखवतात आणि असोसिएट डिग्री मिळते. त्याआधी कम्युनिटी कॉलेजात किमान काही क्रेडिट, पुष्कळदा पंधरा, घेतलेले असावे लागतात. विद्यापीठातील शिक्षण काही कारणाने मध्येच थांबले तर हीच डिग्री हाती राहते, म्हणून अर्ज करून ठेवण्यात तोटा नाही.

२१. मुलीला समारंभाला जायचेच नाही, आणि आमची तर तिकिटे काढून झाली आहेत. न गेल्यास पदवी अडते का?

अडत नाही. प्रश्न ६ मधील अर्ज केला असेल तर समारंभाला न जाताही प्रमाणपत्र घरी येते. त्या दिवशी कामाची पाळी असणे, गर्दी नकोशी वाटणे किंवा सगळे मित्र आधीच दुसरीकडे गेलेले असणे ही कारणे कम्युनिटी कॉलेजात नेहमीची आहेत आणि ती खरी मानावीत. मागाहून मन बदलले तर अनेक कॉलेजे पुढच्या वर्षीच्या समारंभात चालू देतात. त्यासाठी आताच रजिस्ट्रारला ईमेल करून तसे नोंदवून ठेवावे. तिकिटे रद्द करू नयेत. ज्या विभागात ती शिकली तेथील प्राध्यापकांना एखाद्या दुपारी भेटायला तिच्यासोबत जावे. बहुतेक जण आनंदाने वेळ देतात, आणि त्या भेटीला प्रवेशिका लागत नाही.